जखम भरली म्हणून चौथी सुई चुकवू नका

"डॉक्टरबाई, नमस्कार. आम्ही बेळगावजवळच्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. नवरा गोव्याला कामाला असतो, महिन्यातून एकदा येतो. घरी मी, सासूबाई आणि माझा ७ वर्षांचा मुलगा. मागच्या शुक्रवारी संध्याकाळी मटणाच्या दुकानाजवळ एका कुत्र्यानं त्याच्या पोटरीला धरलं. तिकडं जायचं नाही असं बजावलेलं, म्हणून त्यानं रात्रीपर्यंत सांगितलंच नाही. पँटला रक्त दिसलं तेव्हा कळलं. दोन दात खोल गेले होते. सासूबाईंनी चुना आणि मिरचीपूड भरली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात कुत्र्याचं औषध देतात तिथं नेलं. त्यांनी गुळातून कसली तरी मुळी दिली आणि ४० दिवस अंडं, मटण, वांगं बंद सांगितलं. त्याच कुत्र्यानं गावातल्या एका म्हाताऱ्याला आणि शेजाऱ्यांच्या वासरालाही चावलं. रविवारी ते ओढ्याकाठी मेलेलं सापडलं. मग मला धीर धरवेना. एका दवाखान्यात नेलं तर धनुर्वाताचं इंजेक्शन देऊन 'एवढ्यावर भागेल' म्हणाले. शेवटी मंगळवारी आशाताईनं आरोग्य केंद्रात नेलं. दोन्ही दंडांवर बारीक सुया दिल्या. काल शुक्रवारी परत दिल्या. आता जखम सुकलीय, पोरगं उड्या मारतंय. सासूबाई म्हणतात, मुळीचा गुण आला, आता आणखी सुया घेतल्या तर औषध उतरेल. पोटरीला चावलेलं कुत्रं डोक्यात कसं चढेल? पुढच्या सुया घ्यायलाच हव्यात का? आणि मी चार दिवस उशीर केला, त्यानं काही होणार नाही ना? रात्री झोप लागत नाही."

ताई,

तुमचं पत्र शनिवारी दुपारी मिळालं. अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं, म्हणून मी लगेच फोन केला आणि एकच गोष्ट विचारली: जखमेत इंजेक्शन दिलं का? तुम्ही म्हणालात, नाही, फक्त दंडावर. सोमवारी सकाळच्या पहिल्या बसनं तुम्ही पोराला घेऊन बेळगावला गेलात, तिथं जखमेच्या आत आणि भोवती इंजेक्शन झालं, आणि संध्याकाळी "लई रडला, पण झालं" असा तुमचा निरोप आला. तो वाचून मला किती हायसं वाटलं ते सांगता येत नाही. आता निवांतपणे तुमच्या प्रश्नांकडं वळू. तुमच्यासारख्या प्रश्नात अडकलेल्या बाया या भागात बऱ्याच आहेत, म्हणून उत्तर थोडं लांबवून देते.

आधी तुमच्या झोपेचं. होय, उशीर झाला. जखम त्या रात्रीच धुवायला हवी होती आणि पहिली सुई दुसऱ्या दिवशी सकाळी पडायला हवी होती. पण रेबीजच्या, म्हणजे पिसाळलेल्या कुत्र्यापासून होणाऱ्या रोगाच्या, बाबतीत, लक्षणं दिसायला लागण्याआधी केलेला कुठलाच उपचार "आता काय उपयोग" म्हणून टाकून द्यायचा नसतो. चार दिवसांनी, चार आठवड्यांनी, अगदी चार महिन्यांनी कुणाला कळलं की कुत्रं पिसाळलेलं होतं, तरी त्यानं त्या दिवशी सुरुवात करायची. तुम्ही सुरुवात केलीत. घरातल्या मोठ्या माणसाच्या शब्दाबाहेर जाऊन केलीत. ते चार दिवस मनातून काढून टाका.

आता सासूबाईंचा प्रश्न, आणि तो प्रश्न खरंच चांगला आहे. पोटरीला चावलेलं डोक्यात कसं चढतं?

पिसाळलेल्या कुत्र्याच्या लाळेत रेबीजचा विषाणू असतो. बंदुकीच्या गोळीच्या आकाराचा, एका टोकाला गोल, दुसऱ्या टोकाला सपाट. लांबी मिलिमीटरच्या साधारण पाच हजाराव्या भागाएवढी. त्याच्याकडं स्वतःची म्हणून फक्त पाच प्रथिनं असतात, बाकी सगळं तो आपल्या पेशींकडून वापरून घेतो. दात मांसात रुतला की लाळेबरोबर तो स्नायूत उतरतो. तिथं तो थोडा थांबतो, थोडा वाढतो. हे थांबणं काही दिवसांचं असेल, काही आठवड्यांचं असेल. वरची कातडी या काळात भरून येते, खपली पडते, नवी गुलाबी कातडी दिसते. आत काय चाललंय याच्याशी त्या कातडीचा काही संबंध नसतो.

आपल्या प्रत्येक स्नायूला मज्जातंतू येऊन भिडलेला असतो. "हल" हा मेंदूचा निरोप तो तिथं स्नायूच्या हातात देतो. निरोप घेण्यासाठी स्नायूवर जी जागा असते, नेमकी तीच हा विषाणू पकडतो आणि तिथून शेजारच्या मज्जातंतूच्या टोकात शिरतो. मज्जातंतूच्या आत सामान वाहून नेण्याची सोय असते. टोकाकडून पेशीच्या मुख्य भागाकडं रोज काही ना काही जात असतं. विषाणू त्या वाहतुकीत बसतो. पोटरीतून मांडीत, मांडीतून कमरेजवळच्या मज्जारज्जूत, तिथून वर मेंदूत. मज्जातंतूत शिरला की दिवसाला एकदोन सेंटिमीटर ते दहा सेंटिमीटरपर्यंत अंतर तो कापतो. रक्तातून तो जात नाही, म्हणून ताप येत नाही, रक्त तपासून काही कळत नाही, आणि आपल्या अंगातली रोगाशी लढणारी फौजही जागी होत नाही. शत्रू दाराशी आलाय हेच तिला कळलेलं नसतं.

चावा आणि आजार यांच्यामध्ये म्हणूनच एवढा शांत काळ जातो. बहुतेकांना दोन ते तीन महिने. कुणाला आठवडाभर, कुणाला वर्ष. चेहऱ्यावर, मानेवर, हाताच्या बोटांवर चावलं तर हा काळ आखूड होण्याची भीती जास्त, कारण मेंदू जवळ आणि मज्जातंतूंची टोकं दाट. लहान मुलांची उंचीच कुत्र्याच्या तोंडाएवढी असते, त्यांना चेहऱ्याला चावे बसतात. जगात रेबीजनं मरणाऱ्या दर १० जणांत ४ जण १५ वर्षांखालची मुलं असतात, त्याचं हेही एक कारण आहे. दुसरं कारण तुमच्या पत्रातच आहे. मुलं सांगत नाहीत. मार बसेल म्हणून पँटखाली जखम लपवतात. तुमच्या पोराला या बाबतीत आता काही बोलू नका. कुत्रं चावलं, मांजरानं ओरबाडलं, माकडानं धरलं, तर आधी आईला सांगायचं, आई रागावणार नाही, एवढंच त्याच्या मनात बसू द्या.

तो शांत काळ आहे म्हणूनच लस चावल्यानंतरही देता येते. दुसऱ्या बहुतेक रोगांत लस आधी घ्यावी लागते. इथं विषाणू पायी चालत निघालाय आणि आपल्याला त्याच्या आधी फौज तयार करायची आहे. दंडावरच्या सुया ते काम करतात. पण त्या सुया घेतल्या की लगेच संरक्षण मिळत नाही. अंगात पुरेशी प्रतिद्रव्यं, म्हणजे विषाणूला बांधून टाकणारे घटक, तयार व्हायला साधारण ७ ते १४ दिवस लागतात. तोवर जखमेत विषाणू मोकळा. म्हणून खोल किंवा रक्त आलेल्या चाव्यात तयार प्रतिद्रव्यं, म्हणजे इम्युनोग्लोब्युलिन, जखमेच्या आत आणि कडेनं टोचतात. घोड्याच्या रक्तापासून केलेलं असेल तर वजनाच्या दर किलोला ४० युनिट, माणसाच्या रक्तापासून केलेलं असेल तर २०. तुमच्या पोराचं वजन २० किलो धरलं तर ८०० किंवा ४०० युनिट. दुखतं खूप, विशेषतः पोटरीसारख्या जागी, पण स्नायूत दबा धरून बसलेल्या विषाणूला तिथल्या तिथं बांधून टाकायला दुसरं काही नाही. हे इंजेक्शन लसीच्या पहिल्या सुईपासून ७ दिवसांच्या आत व्हावं लागतं. त्यानंतर लसीनं अंगातच प्रतिद्रव्यं तयार व्हायला लागतात आणि बाहेरून दिलेली त्यांच्या आड येतात. तुमची पहिली सुई मंगळवारची, म्हणून मी शनिवारी तुम्हाला एवढी घाई केली. लहान आरोग्य केंद्रात हे औषध बहुधा नसतं. तिथल्यांनी "बेळगावला जा" एवढं सांगितलं पाहिजे होतं. ते राहून जातं, आणि त्या राहून जाण्यानं माणसं जातात. वाचणाऱ्यांनी हे वाक्य लक्षात ठेवावं: रक्त आलं असेल तर "जखमेत द्यायचं इंजेक्शन कुठं मिळेल?" असं आपण होऊन विचारायचं.

धनुर्वाताच्या इंजेक्शनावर बोळवण झाली त्याचा मला राग आला, ताई. ते इंजेक्शन द्यायला हरकत नाही, कुत्र्याच्या दातानं धनुर्वातही होऊ शकतो. पण धनुर्वाताचा जंतू वेगळा, हा विषाणू वेगळा. एकाची लस दुसऱ्याला उपयोगाची नाही.

चुना आणि मिरचीबद्दल मी सासूबाईंना दोष देणार नाही. घरात जे होतं, जे त्यांच्या आईनं केलं, ते त्यांनी केलं. पण मिरचीनं आणि चुन्यानं जखम भाजते, आतली मज्जातंतूंची टोकं उघडी पडतात, आणि धुवायचं राहतं ते राहतंच. या विषाणूच्या अंगावर चरबीचं पातळ वेष्टन असतं. तेलकट भांडं नुसत्या पाण्यानं निघत नाही, साबण लागला की निघतं, तसंच हे वेष्टन साबणानं विरघळतं आणि विषाणू निकामी होतो. कपड्याचा साबण असो की अंगाचा, नळाखाली किंवा तांब्यानं धार धरून पुरती १५ मिनिटं धुवायचं. घड्याळ लावून. १५ मिनिटं ही फार मोठी वेळ आहे, पोर रडतं, आपलाही हात थांबतो. थांबवायचा नाही. मग आयोडीनचं औषध असेल तर लावायचं आणि जखम उघडी ठेवायची. टाके घालायची घाई करायची नाही.

आता मुळीचं. तुमच्या भागात कुत्र्याचं औषध देणारी घरं आहेत, पिढ्यान्‌पिढ्या देतात, बरेच जण पैसेही घेत नाहीत. त्यांच्या मनात वाईट नसतं. आणि शंभर माणसं येऊन ती घेऊन गेली तर त्यातली बहुतेक जगतात, हेही खरं आहे. कारण चावणारं प्रत्येक कुत्रं पिसाळलेलं नसतं. पिल्लं जवळ असलेली कुत्री चावते, शेपटीवर पाय पडलेलं कुत्रं चावतं, हाडावरनं भांडणारं चावतं. पिसाळलेलं कुत्रं चावलं तरी प्रत्येक वेळी पुरेशी लाळ आत जाते असंही नाही. जी माणसं काही न करता वाचली असती, त्यांचं श्रेय मुळीला मिळतं. आणि जो दगावतो तो तीन महिन्यांनी दगावतो. तोवर जखमेचा वण पण दिसेनासा झालेला असतो. मग लोक म्हणतात बाधा झाली, किंवा ४० दिवसांत कुठंतरी वांगं खाल्लं असेल. पथ्य एवढं लांब आणि बारीक असतं की कुठंतरी मोडलेलं सापडतंच. औषध चुकलं असं कुणी म्हणत नाही.

अशा एका माणसाला मी जवळून पाहिलं आहे. नोकरीच्या पहिल्या वर्षांतली गोष्ट, मी तुमच्याच तालुक्यातल्या एका केंद्रात होते. तिशीतला धडधाकट शेतकरी, बायको आणि भाऊ घेऊन आला. तक्रार काय, तर "दोन दिवस झाले, पाणी गिळवत नाही. घसा धरलाय." घशात काही नव्हतं. ताप थोडासा. बोलत होता नीट, नाव-गाव, भात कापायचं राहिलंय, सगळं सांगत होता. पायाच्या घोट्याजवळ मुंग्या येतात, खाज येते, असं मधूनच म्हणाला. मी स्टीलच्या पेल्यात पाणी भरून त्याच्यापुढं धरलं. त्याला तहान लागली होती, त्यानं स्वतः हात पुढं केला. पेला ओठाला लागायच्या आधीच त्याची मान मागं ओढली गेली, छाती वर उचलली गेली, घशातून एक उसासा निघाला आणि पेला जमिनीवर पडला. तो स्वतःच्या हाताकडं बघत राहिला. मग म्हणाला, "परत द्या बाई, आता पितो." मी पंखा लावला तर वाऱ्याची झुळूक चेहऱ्यावर येताच तसंच झालं. बायकोला विचारलं, कुत्रं चावलं होतं का कधी. ती आठवत राहिली. पावसाच्या तोंडाला एक पिल्लू लागलं होतं घोट्याला, म्हणाली, पण ते तर तेव्हाच बरं झालं, औषध घेतलं होतं, पथ्यही पाळलं होतं. चौथ्या दिवशी तो गेला. शेवटच्या दिवसापर्यंत मधून मधून शुद्धीवर यायचा आणि भाताची चौकशी करायचा.

हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाही. तुमच्या पोराला लस मिळाली, जखमेत इंजेक्शन मिळालं, त्याची गोष्ट वेगळी आहे. सासूबाईंना सांगण्यासाठी सांगते. पाण्यात कुत्रं दिसतं म्हणून रोगी पाण्याला भितो, असं आपल्याकडं म्हणतात. पाण्यात काही दिसत नाही. मेंदूच्या खालच्या भागात गिळण्याचा आणि श्वासाचा ताबा असतो. विषाणू तिथं पोचला की घशात काही जाणार एवढ्या जाणिवेनंही श्वासाचे स्नायू गच्च आवळतात. स्वतःची थुंकीही गिळता येत नाही. आणि तोवर विषाणू मेंदूतून परत मज्जातंतूंच्या वाटेनं लाळेच्या ग्रंथींत उतरलेला असतो. आवाज घोगरा होतो, त्यालाच लोक भुंकणं म्हणतात. सगळेच असे होत नाहीत. साधारण पाचातल्या एकाला नुसता लुळेपणा येतो, चावलेल्या पायापासून सुरू होतो आणि वर चढतो. त्यात पाण्याची भीती ठळक नसते आणि डॉक्टरही फसतात. मेंदूतलं नुकसान उघड्या डोळ्यांना दिसत नाही, तरी त्याचं काम बंद पडतं. सूक्ष्मदर्शकात पेशींच्या आत गोलसर ठिपके दिसतात, ते १९०३ मध्ये इटलीच्या नेग्रींनी शोधले. एकदा पेला हातातून पडू लागला की जगातल्या कुठल्याही हॉस्पिटलात खात्रीचं औषध नाही. वाचलेली माणसं जगभरात मिळून बोटांवर मोजण्याएवढी.

सासूबाईंच्या मनातल्या सुयांच्या भीतीबद्दलही मला बोलायचं आहे. त्यांच्या वयाच्या लोकांना कुत्र्याच्या १४ सुया आठवतात, पोटात घ्यायच्या, रोज एक. त्या लसीचा पाया १९११ मध्ये कसौलीला घातला गेला. मेंढीच्या मेंदूत विषाणू वाढवून ती करत असत, आणि कधी कधी त्या मेंदूच्या अंशामुळं माणसाला लुळेपणाही यायचा. लोक त्या सुयांना भ्यायले आणि मुळीकडं वळले, त्यात त्यांचं फार चुकलं असं मी म्हणणार नाही. पण ती लस आपल्या देशात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता मिळते ती पेशींवर वाढवलेली, शुद्ध केलेली. दोन्ही दंडांवर कातडीतच थेंबभर, चार वेळा: पहिल्या सुईचा दिवस (तो शून्य धरायचा), मग ३ रा, ७ वा आणि २८ वा. काही दवाखान्यांत दंडाच्या स्नायूत देतात, मग पाच वेळा, १४ व्या दिवसाची एक जास्त. कुल्ल्यावर मात्र कधी घ्यायची नाही, तिथल्या चरबीत लस नीट लागू पडत नाही. पथ्य कसलंच नाही. अंडं खुशाल द्या, वांगंही द्या, पोराला ताकद हवी आहे. गरोदर बाईला आणि अंगावर पाजणाऱ्या बाईलाही ही लस चालते, हेही वाचणाऱ्यांसाठी सांगून ठेवते. सुयांनी "औषध उतरेल" याची काळजी करू नका. मुळी पोटात गेली, पचली, संपली.

एक करून बघा. सासूबाईंच्या दंडावर देवीच्या लसीचा गोल वण असेल, तो त्यांना पोराला दाखवू द्या. आपल्या भागासाठी ती लस एके काळी बेळगावातच तयार होत होती, टिळकवाडीत, ज्याला आपण आज व्हॅक्सिन डेपोचं मैदान म्हणतो तिथं. त्या रोगालाही आपल्याकडं देवीचा कोप म्हणत होते, घरात कडुनिंबाचे डहाळे लावत होते. १९७५ नंतर भारतात देवीचा एकही नवा रोगी सापडला नाही. मला वाटतं हे सासूबाईंना माझ्यापेक्षा जास्त पटेल, कारण त्यांनी ते दिवस डोळ्यांनी पाहिलेत. आणि कुत्र्याची लस काही कालपरवाची नाही. १८८५ च्या जुलैत फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी ९ वर्षांच्या जोसेफ माइस्टर या मुलाला ती पहिल्यांदा दिली. त्यालाही आईनंच आणलं होतं, चाव्यानंतर दोन दिवसांनी. तो जगला, मोठा झाला.

आता पुढचं. तिसरी सुई, ७ व्या दिवसाची, हा अंक तुमच्या हातात येईपर्यंत झालेली असेल. २८ व्या दिवसाची बाकी असेल, आणि सगळ्यात जास्त चुकते ती हीच. तोवर भात लावणी येते, यात्रा येते, जखम तर विसरलेलीच असते. पहिल्या तीन सुया फौज उभी करतात, चौथीनं ती टिकते. तुमच्या कार्डावर तारखा कन्नडमध्ये लिहिलेल्या असतील. आशाताईकडून वाचून घ्या आणि घरातल्या दिनदर्शिकेवर मराठीत लिहून मोठा गोल काढा. काही कारणानं तारीख टळलीच तर दुसऱ्या दिवशी जा, त्याच्या दुसऱ्या दिवशी जा, पण जा. पहिल्यापासून सुरू करावं लागत नाही. बसचा खर्च म्हणाल तर आपल्या कर्नाटकात बायकांना सरकारी बसला तिकीट नाही, पोराचं तेवढं अर्धं. आणि ते कार्ड फेकू नका, रेशन कार्डाबरोबर ठेवा. पुढं कधी परत कुत्रं चावलं तर पूर्ण लस झालेल्याला फक्त दोनच सुया लागतात, जखमेतलं ते दुखरं इंजेक्शन लागत नाही.

तुमच्या नवऱ्याला फोनवर एक गोष्ट विचारा. तो जिथं कामाला आहे त्या गोव्यात जाळी घेऊन गल्लोगल्ली फिरणारी, कुत्र्यांना लस टोचणारी माणसं त्यानं पाहिली असतील. गोवा सरकार आणि मिशन रेबीज या संस्थेनं मिळून ते काम वर्षानुवर्षं चालवलं. गावातल्या दर १० कुत्र्यांपैकी ७ कुत्र्यांना लस मिळाली की विषाणूला एका कुत्र्यातून दुसऱ्यात जायला वाट उरत नाही. तीन वर्षं माणसाचा एकही रेबीज रोगी न सापडल्यावर २०२१ मध्ये गोवा रेबीज नियंत्रणाखाली आल्याचं जाहीर झालं. चोर्ला घाट उतरला की गोवा. घाटाच्या या बाजूला ते होऊ नये असं काय आहे? ग्रामपंचायतीत हे बोलायला एकट्या बाईला जड जातं, पण तुमच्या बचत गटातल्या दहाजणी मिळून गेलात तर पशुवैद्यकीय दवाखान्याकडं लसीची मागणी घालता येते. कुत्री मारून हे होत नाही. मारलेल्यांच्या जागी दुसऱ्या गावची, लस न झालेली कुत्री येतात.

पत्रातल्या दोघांची चौकशी मात्र कुणीच केलेली नाही, आणि मला त्यांची काळजी लागली आहे. तो म्हातारा. त्याच कुत्र्यानं त्यालाही धरलंय, आणि ते कुत्रं दोन दिवसांत मेलं. कुत्र्याच्या लाळेत विषाणू आला की ते १० दिवसांच्या आत मरतं, म्हणून आपण चावलेल्या कुत्र्यावर १० दिवस नजर ठेवायला सांगतो. इथं नजर ठेवायला कुत्रंच उरलं नाही, तेव्हा ते पिसाळलेलंच होतं असं धरून चालायचं. म्हाताऱ्याला "मी आता किती जगणार" असं म्हणायची सवय असेल. त्याचं ऐकू नका. आशाताईला घेऊन त्याच्या घरी जा आणि उद्याच्या उद्या त्याला सुईला पाठवा, रक्त आलं असेल तर थेट बेळगावला.

आणि शेजाऱ्यांचं ते वासरू. त्यांना सांगा, आजच ते वेगळं बांधा आणि जनावरांच्या डॉक्टरला बोलवा, जनावरालाही चाव्यानंतर लस देता येते. पुढं कधी ते लाळ गाळायला लागलं, घास गिळेनासं झालं, वेगळंच हंबरायला लागलं, तर घशात काही अडकलंय म्हणून त्याच्या तोंडात हात घालू नका. गोठ्यातली माणसं नेमकं तेच करतात. पोरांना त्या गोठ्याकडं जाऊ देऊ नका. वासरू कसं आहे तेही मला कळवा.